एका घरातला एकच

सेटरला सेटर का म्हणतात, हे वस्तीतल्या नव्या पोरांना ठाऊक नाही. त्यांना ते त्याचं आडनावच वाटतं. खरं म्हणजे तो त्याचा हुद्दा होता. वस्तीच्या टोकाला मोज्यांचा कारखाना होता आणि तिथल्या विणायच्या मशीनमध्ये सुया बसवणं, म्हणजे सेट करणं, हे त्याचं काम. एकेका मशीनच्या पोटात गोल रांगेत बारीक सुया उभ्या असतात. त्यातली एक जरी वाकली तरी मोज्याला वरपासून खालपर्यंत चीर जाते. मशीनचा आवाज किंचित बदलला की सेटर भरल्या डब्यावरून उठायचा, बोटभर पकडीनं नेमकी ती सुई उपसायचा, नवी बसवायचा आणि परत येऊन जेवायला लागायचा. त्याची बायको सगळ्यांना सांगायची, "घरात पोरगं गळा काढून रडलं तरी ह्यांना ऐकू जात नाही, आणि तिकडं सुई शिंकली तरी कळतं."

तो कारखाना बंद पडला. आधी रंगाचं खातं गेलं, मग दुसरी पाळी गेली, आणि मग मालकानं काखा वर केल्या. मशीनं ट्रकात चढवून नेली तेव्हा सेटरनं ती स्वतः पोत्यांत गुंडाळून दिली, कारण हमालांनी आपटली असती तर सुयांचं वाटोळं झालं असतं. त्या सुयांशी आता त्याचा काडीचा संबंध उरला नव्हता, पण हे त्याच्या हातांना अजून कळलं नव्हतं. जाताना मालकानं कामगारांना उरलेला माल वाटून टाकला. उरलेला माल म्हणजे काय, तर दोष निघालेले, जोडीदार हरवलेले, एकएकटे मोजे. सेटरच्या वाट्याला दोन पोती आली. एका पोत्याच्या उशा झाल्या आणि दुसरं पलंगाखाली गेलं. तेव्हापासून त्या घरात कुणी दोन्ही पायांत सारखे मोजे घातले नाहीत.

कारखाना गेला आणि वस्तीत एक विचित्र गोष्ट झाली. दिवसा पुरुष दिसायला लागले. एरवी सकाळी सगळी गल्ली बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या ताब्यात असायची. आता प्रत्येक उंबऱ्यावर एक धडधाकट माणूस, हातात काही नाही, आणि नजर समोरच्या भिंतीवर. सुरुवातीला त्यांनी घरं दुरुस्त केली. गळका नळ बांधला, पत्र्याला खिळे मारले, दाराला तेल घातलं. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरेना, तेव्हा चांगला चाललेला नळ खोलून पुन्हा बांधायला लागले. न्हाव्याच्या बाकावर जागा मिळेना, आणि केस मात्र कुणालाच कापायचे नसत. कुणी तरातरा चालत गल्लीबाहेर जाई, जसं काही महत्त्वाचं काम खोळंबलंय, आणि मोठा वळसा घालून मागच्या बाजूनं परत येई. बायकांना नवऱ्याच्या पायात पाय घालून वावरायची सवय नव्हती. भांडणं वाढली, आणि भांडणाचं कारण विचाराल तर तेही धड सांगता येत नसे.

ज्याला काम करायचंय त्याला काम मिळतं, असं म्हणणारे लोक असतात. ते बहुधा खुर्चीत बसलेले असतात. त्यांना एकदा त्या गल्लीतून नुसतं चालत न्यायला हवं होतं.

सेटरची बायको एका दवाखान्यात फरश्या पुसायची, म्हणून चूल पेटत होती. तिच्यापुढं रोज सकाळी बसून राहणं सेटरला जड जाऊ लागलं. एक दिवस तो म्हणाला, "अगं, कारखान्यात चारदोन माणसं ठेवलीत देखभालीला. त्यात माझं नाव लागलंय." ती म्हणाली, "बरं झालं." तिनं जास्त काही विचारलं नाही, आणि सेटरचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवसापासून तो कारखान्याचा जुना निळा शर्ट घालून, डबा घेऊन निघू लागला, आणि पुलापलीकडच्या मजूर नाक्यावर जाऊन उभा राहू लागला. जवळचाही एक नाका होता. पण तिथं वस्तीतलं कुणी पाहिलं असतं.

आता हे त्यानं बायकोपासून लपवलं असं दिसत असलं, तरी खरं लपवायचं होतं मुलापासून. मुलगा एकुलता. लहानपणी खोक्यावर पाय सोडून बसायचा आणि समोर पाटी धरायचा, तेव्हा सेटरनं त्याचं नाव ठेवलं साहेब. पुढं शाळेत, कॉलेजात, सगळीकडं तो साहेबच राहिला. सेटरनं त्याला कधी पकडीला हात लावू दिला नाही, भिंतीत खिळा ठोकू दिला नाही. "तू टेबलापाशी बसणारा माणूस. हात काळे करायला मी आहे." पोरगं शिकलं, पास झालं आणि ऑफिसांचे जिने चढून चढून थकलं. कुठं अनुभव नाही म्हणून नको, कुठं ओळख नाही म्हणून नको, आणि एका ठिकाणी तर वस्तीचं नाव ऐकल्यावर समोरच्या बाईनं पेन खाली ठेवलं. तरी सेटर म्हणायचा, "थांब जरा, होईल. फक्त माझं एक ऐक. काही झालं तरी नाक्यावर जाऊन उभा राहू नकोस. एकदा नाक्याला लागलेला माणूस परत टेबलाला लागत नाही." स्वतः रोज नाक्यावर उभं राहून तो हे सांगत होता. पण तो बाप होता, आणि बापाला हे चालतं.

मग एकदा साहेब घरी येऊन म्हणाला, की एका ऑफिसात तात्पुरतं ठेवून घेतलंय. सेटर त्या दिवशी गल्लीतून छाती काढून चालला. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट पुसून निघायचा. बाप आणि मुलगा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिशांनी घराबाहेर पडत, आणि आई दोघांच्या हातांत सारखाच डबा देई.

नाक्याची एक रीत असते. तिथं कुणी कुणाला तू काय करतोस असं विचारत नाही. ज्याचं जे काम, त्याचं हत्यार त्याच्या पुढ्यात. गवंड्यापुढं थापी, सुतारापुढं करवत, रंगाऱ्याच्या हातात ब्रश. तोही नवाकोरा चालत नाही. ब्रशवर जुने रंग वाळलेले पाहिजेत, म्हणजे गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं. सेटरची पंचाईत इथंच झाली. त्याचं हत्यार म्हणजे अख्खं मशीन, आणि ते मालकाचं. त्याच्याकडं होती फक्त ती बोटभर पकड. तीच तो हातात धरून उभा राहायचा. लोक येऊन विचारायचे, "वायरमन का?" कुणाला तो घड्याळजी वाटला. एका म्हाताऱ्या बाईनं तर दाढेवर हात ठेवून विचारलं, "उपटतोस का रे बाबा?" शेजारी उभा राहणारा रंगारी पोट धरून हसला आणि म्हणाला, "हो म्हणायचं होतंस. निदान एक दाढ तरी पदरात पडली असती." शेवटी सेटरला मिळायचं ते बिगाऱ्याचंच काम, म्हणजे वाळू उपस, विटा वाहा, पाणी मार. पकड खिशात जायची आणि डोक्यावर घमेलं यायचं.

त्या नाक्यावर एका मुकादमाचा टेम्पो यायचा. माणूस वाईट नव्हता, दिवस भरला की मजुरीत हातचं राखत नसे, पण त्याचा एक नियम होता आणि तो सगळ्या नाक्याला पाठ होता. एका घरातला एकच. दोघे भाऊ, काका पुतण्या, बाप लेक, काही असो, दुसऱ्याला तो टेम्पोत घ्यायचा नाही. "एकाला ओरडलो की दोघांचं तोंड फुगतं," तो म्हणायचा, "आणि एकाला ताप आला की दुसरा शुश्रूषेला घरी. माझं काम पडतं."

एका सकाळी मुकादमानं सेटरकडं बोट केलं. सेटर टेम्पोत चढून कोपऱ्यात बसला. खाली दोन भाऊ गयावया करत होते. मुकादमानं त्यांच्यातल्या एकालाच घेतलं आणि आणखी एक माणूस हवा म्हणून नाक्याच्या पलीकडच्या टोकाला हाक मारली. तिकडून एक पोरगा पळत आला. अंगात जुना टीशर्ट, काखेत पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर. पोरगा फळीला धरून वर चढला, मान वर केली आणि सेटरच्या गुडघ्याला गुडघा लावून समोर बसला.

साहेब.

सेटरच्या पायाखालची जमीन सरकली, आणि टेम्पोही नेमका तेव्हाच सुटला. पोराचा चेहरा पांढरा पडला होता. बापाच्या निळ्या शर्टाकडं तो बघत राहिला. मग मागं राहिलेल्या त्या दुसऱ्या भावाकडं त्यानं एकदा पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "काका, जरा सरकता का?"

सेटर सरकला. त्याला राग आला होता, आणि त्या रागाला तोंड नव्हतं. खोटं बोललास म्हणून रागवावं तर स्वतः कोणत्या तोंडानं? तोच पूल, तोच लांबचा नाका, तेच कारण. पोरगं बापावर गेलं होतं, फक्त जिथं जायला नको तिथं गेलं होतं.

काम एका नव्या इमारतीचं होतं. फरश्या बसवायचं. फरशीवाला म्हातारा होता, हात सोन्याचा आणि जीभ तिखट, आणि त्याच्या हाताखाली मुकादमानं सेटरला आणि साहेबालाच दिलं. दिवसभर दोघांनी एकमेकांना परक्यासारखं वागवलं. "काका, पाणी द्या." "हे घे रे, पोरा." जेवायला दोघं मुद्दाम लांब लांब बसले. डबे उघडले तर दोन्हीकडं बटाट्याची भाजी आणि अंडं, म्हणून मग दोघांनीही डब्यावर हात आडवा धरला. संध्याकाळी टेम्पोनं नाक्यावर सोडलं तेव्हा पूल ओलांडेपर्यंत दोघं वीस पावलं अंतर ठेवून चालले. पुलावर साहेब थांबला.

"बाबा," तो खाली पाण्याकडं बघत म्हणाला, "कारखाना?"

"कारखान्यात आता शेळ्या बांधतात," सेटर म्हणाला. "तुझं ऑफिस?"

"झालंच नाही कधी."

मग सेटर म्हणाला, "उद्यापासून तू येऊ नकोस." साहेब म्हणाला, "तुम्ही येऊ नका. तुमच्यानं वाकवत नाही, मी आज बघितलं." दोघांनीही ऐकलं नाही. आईला काही सांगायचं नाही एवढ्यावर मात्र त्यांचं लगेच जमलं. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा नाक्याच्या दोन टोकांना उभे राहिले, आणि मुकादमानं कालचीच माणसं उचलली.

असं बरेच दिवस चाललं. सेटरला एक नवीच गोष्ट बघायला मिळत होती, आपला मुलगा परक्यांत कसा वागतो ती. घरात हे पोरगं घुम्यासारखं असायचं. इथं तो म्हाताऱ्या फरशीवाल्याला हसवायचा, स्वतःहून घमेली धुवून ठेवायचा, आणि दोरी लावून फरशीची रांग तपासताना एक डोळा मिटून इतका वेळ बघत राहायचा की सेटरला आपलंच मशीनपाशी उभं राहणं आठवायचं. हे बघून त्याला बरं वाटे आणि बरं वाटल्याचं वाईट वाटे.

एकदा साहेबाच्या हातून माल पातळ झाला. सिमेंटात पाणी जास्त पडलं आणि बसवलेल्या फरश्या खाली बसल्या. मुकादम तापला. सगळ्यांसमोर त्यानं पोराला फैलावर घेतलं आणि शेवटी म्हणाला, "बापानं एवढंसुद्धा शिकवलं नाही का तुला?"

सेटर चार हातांवर वाळू चाळत होता. त्याचे हात थांबले.

साहेबानं एकदाही त्याच्याकडं पाहिलं नाही. तो म्हणाला, "नाही शिकवलं. बापाला वाटलं, मला याची गरज पडणार नाही."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, सेटरनं तो मूग गिळून सोसला असता. पोरगं बापाची बाजू घेत होतं. सेटर खाली मान घालून चाळणी हलवत राहिला आणि चाळणीत वाळू केव्हाच संपली होती.

त्यानंतरचा प्रसंग मोज्यांचा. मोठ्या खोलीच्या फरश्या बसल्या होत्या, फटी भरायच्या होत्या, आणि फरशीवाल्यानं फर्मान काढलं की बूट घालून आत कुणी पाय ठेवायचा नाही. सगळ्यांनी दाराशी पायताणं काढली. बहुतेकांचे पाय उघडे. मोजे दोघांच्याच पायांत. सेटरच्या डाव्या पायात पिवळ्या टाचेचा तपकिरी आणि उजव्यात राखाडी. साहेबाच्या डाव्यात राखाडी आणि उजव्यात पिवळ्या टाचेचा तपकिरी. सकाळी आईनं पलंगाखालच्या पोत्यातून हाताला लागतील तसे काढून दिले होते. त्या पोत्यात इतक्या वर्षांत एकमेकांना सापडले नाहीत असे दोन जोड त्याच दिवशी नेमके सापडले होते, आणि तेही अर्धे अर्धे वाटले गेले होते.

फरशीवाला आधी खो खो हसला. "मामा, तुमचा मोजा ह्या पोरानं चोरला की काय?"

सेटरच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबच पटकन म्हणाला, "रस्त्यावर ढिगात विकतात ते. एकेक उचलायचा." "हो हो," सेटर म्हणाला, "मीही तिथूनच घेतले." सगळे हसले, कामाला लागले. मुकादम दारात उभा होता. त्यानं आधी दोन पायांकडं पाहिलं, मग दुसऱ्या दोन पायांकडं, आणि काही न बोलता निघून गेला. त्या संध्याकाळी सेटरला वाटलं, आता उद्या बोट आपल्याकडं वळत नाही. पण दुसऱ्या दिवशीही बोट वळलं, दोघांकडंही.

इमारतीचं काम संपत आलं तेव्हा मुकादम वाळूच्या ढिगापाशी आला आणि सेटरच्या शेजारी उकिडवा बसला.

"मामा, एक विचारतो. पुढं मोठं काम घेतलंय, लांबलचक चालेल. रोज नाक्यावर यायला नको, बांधून घेतो. पण माणूस एकच हवाय, म्हाताऱ्याच्या हाताखाली. त्याला जोडीदार पाहिजे आणि तो त्याला काम शिकवेल म्हणतो. तुम्ही की तो पोरगा? तुम्ही त्याच्याबरोबर इतके दिवस काम केलंय. खरं सांगा, टिकेल का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी सेटरला काही विचारत होतं, आणि विचारलं ते हे. बांधलेलं काम म्हणजे काय ते त्याच्या पाठीला ठाऊक होतं, रोज सकाळी पकड हातात धरून उभं राहणं संपणार होतं. आणि पोराबद्दल नाही टिकणार एवढंच म्हटलं, तर पोरगं पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून जिने चढायला मोकळं. साहेब साहेबच राहील. एका वाक्याचं काम होतं आणि त्या वाक्यात दोघांचं भलं आहे असं स्वतःला पटवायलाही जागा होती. सेटरनं आत पाहिलं. साहेब गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून, दोरीवरून बघत होता.

"त्याला घ्या," सेटर म्हणाला. "टिकेल. त्याला नजर आहे."

मुकादम उठला, आत गेला, साहेबाला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. मग दोघांनाही त्यानं जिन्याखाली बोलावलं.

"मी नाक्यावर आयुष्य काढलंय," तो म्हणाला. "माझ्याऐवजी दुसऱ्याला घ्या असं म्हणणारा माणूस मला अजून भेटला नव्हता. आज एका दिवसात दोन भेटले. मामांना विचारलं तर म्हणतात पोराला घ्या. पोराला विचारलं तर म्हणतो काकांना घ्या. आता हे कसले काका आणि कसला पोरगा, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

दोघंही आपापल्या पायांकडं बघायला लागले.

"मोजे मी त्याच दिवशी पाहिले. ढिगातून उचललेले मोजे असे जोडीनं निघत नाहीत. काम नीट चाललं होतं, म्हणून बोललो नाही. पण आता नियम तो नियम. एका घरातला एकच. कोण, ते तुम्ही ठरवा आणि उद्या सांगा."

परतीच्या वाटेवर त्यांनी अंतर ठेवलं नाही. साहेब पूलभर भांडला. तुम्ही घ्या, सावलीतलं काम आहे, माझं काय, मी तरुण आहे, मला नाक्यावर कुणीही उचलेल. सेटरनं सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून ती पकड काढली.

"हे बघ. एवढी वर्षं मी ज्या कामावर जगलो त्यातलं माझं स्वतःचं एवढंच. बाकी सगळं मालकाचं होतं, ते ट्रकात बसून गेलं. मग मी नाक्यावर उभा राहिलो तर लोकांना मी दाढा उपटणारा वाटलो. फरशीवाल्याचं हत्यार पिशवीत मावतं. ते घेऊन तू कुठंही उभा राहिलास तर तुला कुणी विचारणार नाही की तू कोण."

"तुम्ही तर म्हणायचात, नाक्याला लागलेला माणूस..."

"म्हणायचो," सेटर म्हणाला. "तुला टेबलापाशी बघायचं होतं मला. अजून बघायचंय. पण बघायचंय म्हणून तुला बसवून ठेवणारा मी कोण?"

साहेबानं मान फिरवली. रडू आलं होतं त्याला, आणि बापालाही. दोघंही पुलाचा कठडा तपासत असल्यासारखे उभे राहिले.

घरी आई कपडे धूत बसली होती. आता सांगायलाच हवं होतं. सेटरनं घसा साफ केला, "अगं, ते कारखान्याचं..." एवढ्यात तिनं बादलीतून मोजे काढून पिळले आणि तळाशी साचलेला करडा गाळ दाखवला.

"एक कारखान्यात जातो, एक ऑफिसात," ती म्हणाली, "आणि दोघांच्या मोज्यांतून सिमेंट एकच निघतं. म्हटलं, दोन्हीकडं एकदमच बांधकाम काढलेलं दिसतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं इतक्या मेहनतीनं खोटं बोलत होतात, मला मोडवेना." आणि मग तिचा आवाज जरा बदलला. "निदान एकमेकांच्या नजरेसमोर आहात, एवढं तरी होतं."

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांनाही बरोबर उठवलं. दोघं एकाच दारातून, एकाच दिशेला, पूल ओलांडून नाक्यावर गेले. साहेबाच्या पायांत दोन्ही तपकिरी मोजे होते. आईनं पोतं उपसून तो जोड लावून दिला होता, राखाडी सेटरला. मुकादमाचा टेम्पो आला. सेटर पुढं होऊन म्हणाला, "हा येतो," आणि मागं सरला. म्हातारा फरशीवाला टेम्पोतच होता. त्यानं साहेबाच्या हातात आपली एक जुनी, झिजलेली थापी दिली आणि म्हणाला, "धर. सांडू नकोस."

टेम्पो हलला. नाक्यावर नेहमीची गर्दी होती, गवंडी, सुतार, रंगारी, सगळे ओळखीचे. इतके दिवस त्या सगळ्यांसमोर साहेबानं बापाला काका म्हटलं होतं. आता तो फळीला धरून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "बाबा, संध्याकाळी इथंच थांबा. बरोबर घरी जाऊ."

अख्ख्या नाक्यानं वळून पाहिलं. ज्याला या जागी कधी बघायचं नाही म्हणून सेटर इतकी वर्षं झिजला, त्यानं याच जागी त्याला बाप म्हणून हाक मारली होती. सेटरनं नुसता हात वर केला.

"पोरगा तुझा?" रंगारी म्हणाला. "आणि इतके दिवस तोंडाला कुलूप लावून होतास?"

"माझा," सेटर म्हणाला.

त्या दिवशी सेटरकडं कुणी बोट केलं नाही. ऊन चढलं तशी माणसं पांगली. ज्यांना काम मिळालं ते कामाला गेले, उरलेले घरी. रंगारीसुद्धा ब्रश काखेत मारून निघून गेला. सेटर बसून राहिला. दुपारी त्यानं डबा खाल्ला आणि बूट काढून पाय पसरले. मोजे बघितले. दोन्ही सारखे दिसत होते, त्याची सवय नव्हती, म्हणून तो पुन्हा पुन्हा बघत होता.

संध्याकाळच्या सुमाराला चहावाला भांडी विसळायला लागला. नाका झाडल्यासारखा रिकामा होता.

"अजून इथंच?" त्यानं विचारलं. "आज काम मिळालं नाही वाटतं."

"मिळालं की," सेटर म्हणाला. "आमच्या घरातल्या एकाला मिळालं."